काडीचे दोन हंगाम : घरच्या ब्लॅकबेरीच्या अभ्यासाची प्रस्तावना

ब्लॅकबेरी हे गुलाबाच्या कुलातील, म्हणजे रोझेसी कुलातील, रूबस वंशाच्या अनेक काटेरी झुडपांच्या काळ्या फळांचे सामायिक नाव आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेत ही झुडपे शेतांच्या कुंपणांत, लोहमार्गांच्या कडेला, ओढ्यांच्या काठी आणि जंगलतोडीने मोकळ्या झालेल्या जागी आपोआप वाढत आली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या लोकांनी करवंदाच्या जाळ्या जशा पिढ्यान्‌पिढ्या वेचल्या, पण परसात लावल्या नाहीत, तसेच तेथील लोकांचे या फळाशी नाते होते. सफरचंद, अंजीर आणि द्राक्ष यांच्या लागवडीला हजारो वर्षांचा इतिहास असताना ब्लॅकबेरीच्या हेतुपूर्वक लागवडीला जेमतेम दोन शतके होत आहेत, आणि तिच्या सुधारित वाणांपैकी बहुतेक वाण गेल्या शंभर वर्षांत निर्माण झालेले आहेत. म्हणूनच हे पीक एकाच वेळी अतिशय सोपे आणि काहीसे फसवे ठरते. ते मरत नाही, भराभर वाढते, आणि तरीही अनेक घरांत वर्षानुवर्षे फळ मात्र देत नाही. वाढ आणि फळ यांच्यातील या अंतराचे कारण समजून देणे हा प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य हेतू आहे.

नवख्या वाचकाने प्रथम फळाची रचना पाहावी. ब्लॅकबेरी हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत घोसफळ आहे, म्हणजे एकाच फुलातील अनेक स्वतंत्र किंजदलांपासून तयार झालेल्या बारीक फळांचा तो समूह असतो. त्यातील प्रत्येक रसाळ मणी हे आंब्यासारखेच, पण अतिसूक्ष्म, अश्मगर्भी फळ असते; बाहेर साल, मध्ये गर आणि आत कठीण कवचातील बी अशी त्याची रचना असते. हे सारे मणी फुलाच्या ज्या मधल्या भागावर बसलेले असतात, त्याला पुष्पाधार म्हणतात. ब्लॅकबेरी तोडताना हा पुष्पाधार फळासोबतच निघून येतो, तर तिच्याच वंशातील रास्पबेरी तोडताना तो झाडावर राहतो आणि फळ आतून पोकळ दिसते. रंगापेक्षा हीच खूण दोन्ही फळांना खात्रीने वेगळे करते, कारण काळ्या रास्पबेरीही असतात. दिसण्यात जवळची वाटणारी तुती मात्र वड-उंबराच्या कुलातील वृक्षाचे फळ असून तिचा या वंशाशी संबंध नाही, आणि रोपवाटिकेतून रोप घेताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. भारताला रूबस वंश परका नाही. हिमालयाच्या उतारांवर पिवळ्या फळांचे हिसालू विपुल आढळते, तर महाबळेश्वरच्या परिसरात गौरीफळ म्हणून ओळखली जाणारी रूबस निवियस ही काळसर फळांची रानटी जाती मुळातच वाढते. या दोन्ही जाती शास्त्रीय वर्गीकरणात रास्पबेरीच्या बाजूला पडतात.

फळापेक्षाही महत्त्वाची आहे ती काडी. नाशिक आणि सांगलीचे द्राक्ष बागायतदार ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, त्याच अर्थाने तो येथे घेतला आहे. जमिनीतून किंवा खोडापासून निघून फळाचा भार पेलणारी लांब फांदी म्हणजे काडी. ब्लॅकबेरीची मुळे आणि जमिनीलगतचा गड्डा बहुवर्षायू असतो, पण त्यातून निघणारी प्रत्येक काडी फक्त दोन वर्षे जगते. पहिल्या वर्षी ती उंच वाढते, पाने धारण करते आणि अन्न साठवते. हिवाळ्यात ती विश्रांती घेते. दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांतून आखूड उपफांद्या फुटून त्यांवर फुले आणि फळे येतात, आणि फळ संपताच ती काडी वाळून जाते. त्याच वेळी शेजारी पुढील वर्षाच्या काड्या वाढत असतात, त्यामुळे कोणत्याही हंगामात एकाच झाडावर दोन पिढ्या एकत्र नांदत असतात. हिवाळ्यात सगळे झुडूप जमिनीलगत छाटणारा माळी नकळत पुढच्या वर्षाचे पूर्ण पीक कापून टाकतो, आणि काहीच न छाटणारा माळी वाळलेल्या काड्यांची अशी गुंतागुंत तयार करतो की तिच्यात उजेड आणि वारा पोहोचत नाही व रोग मात्र वस्तीला येतात. घरच्या बागेतील अपयशाची बहुसंख्य उदाहरणे या दोन टोकांपैकी एकात मोडतात.

या वंशाचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञांनाही सोपा गेलेला नाही. लिनीयसने १७५३ साली युरोपातील ब्लॅकबेरीला रूबस फ्रुटिकोसस हे नाव दिले, परंतु ते एक नाव किती वेगवेगळ्या वनस्पतींना व्यापते हे पुढील अभ्यासकांना हळूहळू उमगले. यांतील अनेक झुडपे परागीभवनाने उत्तेजित होऊनही फलनाशिवाय बी तयार करतात. या क्रियेला असंगजनन म्हणतात आणि तिच्यामुळे मातृवृक्षाची हुबेहूब प्रतिकृती बियांतूनही पुढे चालू राहते. मधूनच संकर घडतो, त्याची संतती पुन्हा असंगजननाने स्थिर होते, आणि थोड्या भूप्रदेशात शेकडो सूक्ष्म जाती निर्माण होतात. त्यांचा अभ्यास करणारी बॅटॉलॉजी ही स्वतंत्र शाखाच युरोपात उभी राहिली. गुणसूत्रांच्या संचांची संख्याही ब्लॅकबेरीच्या जातींत दोनपासून बारापर्यंत बदलते. घरच्या माळ्याला या तपशिलाचा एक सरळ धडा मिळतो : लागवडीचे वाण बहुधा संकरातून आलेले असल्याने बियांपासून वाढवलेल्या त्यांच्या रोपाकडून मूळ गुणांची अपेक्षा करता येत नाही, म्हणून रोप नेहमी काडी, मूळ किंवा दाब कलमापासूनच घ्यावे.

लागवडीपूर्वीचा इतिहास मुख्यतः औषधाचा आणि कुंपणाचा आहे. डायोस्कोरिडीझच्या औषधिग्रंथाची सहाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेली जी सचित्र प्रत आज व्हिएन्नात आहे, तिच्यात ब्लॅकबेरीचे चित्र आढळते. पाने आणि साल यांतील तुरटपणामुळे अतिसार व तोंडातील व्रण यांवर त्यांचा वापर होत असे. लागवडीकडे वळण मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत. वसाहतींच्या विस्तारासाठी जंगले तुटली तसतशी मोकळ्या जागेवर वाढणारी तेथील रानटी झुडपे पसरली, एकमेकांजवळ आली आणि त्यांच्यात संकर झाले. त्यांतून उठून दिसणारी झाडे शेतकऱ्यांनी निवडली, आणि १८५० च्या दशकात ‘लॉटन’सारखे नाव मिळालेले वाण बाजारात आले. १८८१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे जेम्स हार्वी लोगन या न्यायाधीशांच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी यांचा संकर आपोआप घडून लोगनबेरी जन्माला आली. १९३० च्या दशकात रुडॉल्फ बॉयसन यांच्या दुर्लक्षित झाडांना वॉल्टर नॉट यांनी कॅलिफोर्नियातच जीवदान दिले आणि बॉयसनबेरी घरोघरी पोहोचली. या पर्वात निसर्गाने घडवलेले ओळखणे हेच बागायतदाराचे कौशल्य होते.

विसाव्या शतकात मात्र पद्धतशीर पैदास सुरू झाली आणि तिच्या चार परंपरा स्पष्टपणे वेगळ्या दिसू लागल्या. पहिली परंपरा पॅसिफिक किनाऱ्याची. ऑरेगन राज्यातील कॉर्व्हालिस येथे अमेरिकी कृषी खाते आणि राज्य विद्यापीठ यांच्या सहकार्याने वेलीसारख्या सरपटणाऱ्या जातींवर काम झाले, आणि जॉर्ज वॉल्डो यांनी तयार केलेला ‘मॅरियन’ हा वाण १९५६ साली प्रसृत झाला. सुगंधी आणि लहान बियांच्या या फळांची चव आजही उत्तम मानली जाते, पण त्यांच्या काड्या काटेरी असतात आणि कडक थंडी सहन करत नाहीत. दुसरी परंपरा काटे घालवण्याची. तेव्हा लंडनजवळ असलेल्या जॉन इनेस संस्थेतील ‘मर्टन थॉर्नलेस’ या वाणाचा आधार घेऊन अमेरिकी कृषी खात्याने १९६६ साली ‘थॉर्नफ्री’ व ‘स्मूथस्टेम’ हे बिनकाट्यांचे वाण दिले, आणि त्याच वंशावळीतून पुढे ‘चेस्टर’ व ‘ट्रिपल क्राउन’ आले. तिसरी परंपरा अर्कान्सा विद्यापीठाची असून जेम्स मूर यांनी ती १९६४ साली सुरू केली. आधाराशिवाय ताठ उभी राहणारी, टणक आणि दूरच्या बाजारापर्यंत टिकणाऱ्या फळांची झुडपे तिने दिली. १९८८ सालचा ‘नावाहो’ हा ताठ वाढणारा पहिला बिनकाटी वाण तिच्याच नावावर आहे. चौथी परंपरा उबदार प्रदेशांची आहे. ब्राझीलच्या एम्ब्रापा या संस्थेने अर्कान्साच्या वाणाचा उरुग्वेतील रानटी निवडीशी संकर करून १९८८ साली ‘तुपी’ हा थोड्या थंडीवर भागवणारा वाण प्रसृत केला, आणि त्याच्या बळावर मेक्सिकोतील मिचोआकान हे निर्यातक्षम ब्लॅकबेरीचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले.

अर्कान्सातूनच आलेली आणखी एक घटना घरच्या बागेच्या दृष्टीने सर्वांत क्रांतिकारक ठरली. व्हर्जिनियात सापडलेल्या ‘हिलक्विस्ट’ या झुडपाच्या काड्यांना पहिल्याच वर्षी शेंड्याकडे फळे येत, आणि हा गुण संकरांतून पुढे नेऊन २००४ साली ‘प्राइम-जॅन’ आणि ‘प्राइम-जिम’ हे वाण देण्यात आले. २०१३ सालच्या ‘प्राइम-आर्क फ्रीडम’मध्ये या गुणाला बिनकाटेपणाचीही जोड मिळाली. अशा झाडाची काडी पहिल्या वर्षाच्या अखेरीस शेंड्यावर आणि दुसऱ्या वर्षी खालच्या भागावर फळते, म्हणून माळ्याला दोन पिकांचा पर्याय मिळतो, किंवा दरवर्षी हिवाळ्यात सर्व काड्या जमिनीलगत कापून एकच, पण अत्यंत सोपे पीक घेता येते. नियम तोडणारा हा वाणही समजण्यासाठी नियम आधी ठाऊक असावा लागतो, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे.

लागवडीच्या पद्धतींतील मतभेदही काडीभोवतीच फिरतात. ताठ वाढणाऱ्या झुडपाचा शेंडा उन्हाळ्यात सुमारे एक मीटर उंचीवर खुडल्यास बाजूच्या फांद्या वाढतात आणि फळांची जागा वाढते. अर्धताठ वाणांना दोन तारांचा आधार लागतो. सरपटणाऱ्या वाणांच्या लांब काड्या तारांवर पंख्यासारख्या किंवा दोरासारख्या गुंडाळून बांधाव्या लागतात. काही बागायतदार यंदाच्या काड्या एका बाजूला आणि फळांच्या काड्या दुसऱ्या बाजूला बांधून दोन पिढ्या वेगळ्या ठेवतात, तर ऑरेगनमध्ये वर्षाआड पीक घेण्याची पद्धतही रुजली, ज्यात एक वर्ष केवळ काड्या वाढवायच्या आणि दुसऱ्या वर्षी केवळ फळ घ्यायचे असते. जमिनीबाबत मात्र सर्वांचे एकमत आहे : दिवसाचे किमान सहा तास ऊन, उत्तम निचरा, भरपूर सेंद्रिय द्रव्य आणि सुमारे ५.५ ते ६.५ सामू, म्हणजे किंचित आम्लधर्मी माती. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्याने पाने पिवळी पडतात. बटाटा, टोमॅटो, वांगी किंवा मिरची ज्या वाफ्यात झाली असेल तेथे हे झाड लावू नये, कारण मर रोगाची बुरशी त्या मातीत राहते. फळ काळे आणि चकचकीत दिसू लागले तरी ते आंबटच असते. त्याची चकाकी ओसरून ते हलक्या स्पर्शाने सुटू लागले की ते पिकलेले समजावे, आणि तोडल्यानंतर ते अधिक पिकत नाही हे ध्यानात ठेवावे.

रोग आणि किडींच्या बाबतीत अनुभवी माळी औषधापेक्षा स्वच्छतेवर भर देतात. फळलेल्या काड्या लगेच कापून बागेबाहेर नेल्या की करपा आणि काडीवरील इतर बुरशीजन्य रोगांचा बहुतांश आसरा संपतो. नारिंगी तांबेरा मात्र झाडाच्या सर्वांगात भिनत असल्याने ते झाड मुळासकट उपटावेच लागते. ठिपकेदार पंखांची ड्रॉसोफिला सुझुकी ही पूर्व आशियातील फळमाशी २००८ साली कॅलिफोर्नियात आढळली आणि काही वर्षांतच तिने बेरीवर्गीय फळांचे गणित बदलले, कारण इतर फळमाश्या सडक्या फळावर अंडी घालतात तर ही माशी निरोगी, पिकू लागलेल्या फळाची साल चिरून अंडी घालते. वारंवार तोडणी, गळलेली फळे वेचणे, बारीक जाळी आणि फळ तोडताच थंड करणे हे घरच्या पातळीवरचे खरे उपाय आहेत.

या झाडाच्या जोमाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ल्यूथर बरबँक यांनी १८८५ साली भारतातून मागवलेल्या बियांपासून ‘हिमालया जायंट’ हा वाण प्रसृत केला. वास्तविक ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडील जाती होती, आणि आज तीच रूबस आर्मेनिअॅकस अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढे, कुरणे आणि वनकडा गिळणारे तण मानली जाते. ऑस्ट्रेलियात युरोपीय ब्लॅकबेरीची गणना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत होते. आपल्या डोंगरांत निरुपद्रवीपणे नांदणारी रूबस निवियस गॅलापागोस बेटांवर नेली गेली, तेव्हा तिने माणसाहून उंच जाळ्या करून तेथील दुर्मिळ स्कॅलेशिया वृक्षांच्या नव्या रोपांची वाट अडवली. काडीचे टोक जमिनीला टेकले की तेथे मुळे फुटतात, पक्षी बिया दूरवर नेतात आणि तुटलेल्या मुळापासून मुनवे येतात. ज्या गुणांमुळे हे झाड नवशिक्याच्या हातीही जगते, तेच गुण त्याला कुंपणाबाहेर नेतात. म्हणून कोणता वाण त्या प्रदेशात लावण्यास परवानगी आहे, हा प्रश्न चवीच्या प्रश्नाआधी विचारणे हे माळ्याचे कर्तव्य ठरते.

आज या विषयाकडे वळण्याची कारणे अनेक आहेत. पिकलेले फळ घरात दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाही, त्यामुळे बाजारात टिकाऊपणासाठी निवडलेले आणि बहुधा थोडे आधी तोडलेले फळ पोहोचते. पूर्ण पक्व फळाची चव मिळवण्याचा खात्रीचा मार्ग घरची लागवड हाच आहे. शंभर ग्रॅम फळात सुमारे ५ ग्रॅम तंतू आणि २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि त्याचा गडद रंग ज्या अँथोसायनिन रंगद्रव्यांतून येतो त्यांवर आहारशास्त्रात मोठे संशोधन चालू आहे. फुलांचा बहर मधमाश्यांना दीर्घकाळ अन्न पुरवतो. बुटक्या आणि बिनकाटी वाणांमुळे मोठ्या कुंडीतही, म्हणजे साधारण ४० ते ५० लिटर मातीत, हे झाड वाढवता येते. जनुक-संपादनाच्या तंत्राने बीविरहित ब्लॅकबेरी तयार केल्याचे एका अमेरिकी कंपनीने २०२४ साली जाहीर केले, त्यामुळे येत्या काळात वाणांची निवड आणि मालकी हे दोन्ही प्रश्न सामान्य माळ्यापर्यंत येतील. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसात मेथी, मिरची आणि गवतीचहाशेजारी बेरीची झुडपेही दिसतात, पण त्यांच्याविषयी मराठीत पुरेसे लेखन नाही.

महाराष्ट्रात हे फळ वाढवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने नव्हे, तर काळजीपूर्वक द्यावे लागते. बहुतेक वाणांना डोळे फुटण्यासाठी हिवाळ्यात ० ते ७ अंश सेल्सिअस दरम्यानचे काही शे तास लागतात आणि पुणे किंवा नाशिक येथे ते मिळत नाहीत. महाबळेश्वरात माती आम्लधर्मी आणि हवा थंड असली तरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस मुळांची आणि पानांची परीक्षा पाहतो. मेक्सिकोने या अडचणीवर पानगळ घडवून, छाटणी करून आणि वाढनियंत्रकांचा उपयोग करून तोड काढली. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून, हायड्रोजन सायनामाइडने डोळे फोडून, थंड हवामानाच्या द्राक्षवेलीकडून उष्ण प्रदेशात पीक घेणाऱ्या मराठी बागायतदाराला ही विचारपद्धती परकी वाटणार नाही. कमी थंडीचे वाण आणि पहिल्याच वर्षी फळणारे वाण यांतून प्रयोगाला वाव आहे, मात्र दुसऱ्या गटातील फुले कडक उष्म्यात नीट फळ धरत नाहीत, म्हणून बहर थंडीत येईल असे नियोजन करावे लागते. परदेशातून काडी सामानात घालून आणणे हा याचा मार्ग नव्हे. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयातपरवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र बंधनकारक आहे, आणि एका काडीसोबत येणारा विषाणू किंवा तांबेरा संपूर्ण प्रदेशाला महागात पडू शकतो.

प्रस्तुत पुस्तकाची मांडणी या सर्व विचारातून ठरली आहे. घरबागेच्या पुस्तकांत सहसा वाणांची यादी किंवा महिन्यांचे वेळापत्रक आधाराला घेतले जाते. परंतु ऑरेगनचा जानेवारी आणि पुण्याचा जानेवारी एकसारखा नसल्याने वेळापत्रक एका ठिकाणाबाहेर निरुपयोगी ठरते, आणि वाणांची यादी दहा वर्षांत जुनी होते. त्याऐवजी येथे काडीची अवस्था हाच आधार मानला आहे : ती कोणत्या वर्षात आहे, तिने शेंडा धरला आहे की डोळे भरले आहेत, तिला आधार हवा की कात्री, हे पाहून पुढचे काम ठरवण्याची सवय वाचकाला लागावी, असा प्रयत्न आहे. माती, पाणी, खत, रोग आणि तोडणी या सर्वांचा विचार त्या अवस्थांच्या संदर्भात येतो. व्यापारी शेतीचे अर्थशास्त्र या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, कारण चार-सहा झाडांच्या बागेचे निर्णय वेगळ्या तत्त्वांवर घ्यावे लागतात. या पुस्तकाकडून वाचकाने चमत्काराची अपेक्षा न धरता दोन वर्षांचा संयम सोबत घ्यावा. यंदा वाढणाऱ्या काडीत पुढच्या वर्षाचे पीक ओळखण्याची आणि आपल्या कुंपणाची मर्यादा पाळण्याची दृष्टी ज्याला लाभेल, त्याला पुढील वाण, पुढील प्रदेश आणि पुढील हवामान स्वतःच्या विचाराने हाताळता येईल.